ताशी एकशे ऐंशी

पद्मजा आवटीने नोकरीची चौतीस वर्षं लोकांना मुख्यतः एकच गोष्ट समजावून सांगितली : आठने भागा.

मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारीच्या टेबलाशी माणूस तावातावाने येऊन उभा राहायचा. “बाई, शंभरचा प्लॅन म्हणून गळ्यात मारलात, आणि काही उतरवून घ्यायला लागलं की आकडा बाराच्या वर चढत नाही!” ती त्याला आधी बसवायची. मग कागदावर इंग्रजीतला एक लहान बी आणि एक मोठा बी काढायची. “हा लहान, म्हणजे बिट. आम्ही विकतो तो. हा मोठा, म्हणजे बाइट. तुमचा कॉम्प्युटर दाखवतो तो. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठने भागा, साडेबारा येतात की नाही?” माणूस ओशाळून निघून जायचा. पद्मजाला मात्र मनातून ठाऊक होतं, की त्याचं अगदीच काही चुकलेलं नाही. मोठा दिसणारा आकडा पुढे करायचा आणि एकक बारीक अक्षरात मागे ठेवायचं, ही चलाखी धंद्याइतकीच जुनी होती.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि हे गणित पुन्हा कधी करावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिचे यजमान भरतेश पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. बोलणंही नकाशावरच्या नोंदीसारखं, जेवढ्यास तेवढं. लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या हाताच्या भाजीला चांगलं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं, वाईट म्हटल्याचंही नाही. ती बोलायची, ते ऐकायचे. ऐकतात असं ती धरून चालायची.

२०३९च्या मार्चमध्ये त्यांच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, पण मानेखालचं शरीर गेलं, आणि त्याबरोबर जीभ, ओठ, गळा, सगळं. डोळे कसेबसे हलायचे, तेही दुपारपर्यंत थकून जायचे. “आत माणूस पूर्ण जागा आहे, फक्त बाहेर यायला त्याला दार नाही,” असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पद्मजा दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसली होती.

पुढच्या वर्षी ते दार एका कंपनीने काढून दिलं. यंत्राचं नाव होतं वाग्सेतू. कवटीच्या आत, जीभ-ओठ हलवण्याचा हुकूम जिथून निघतो त्या भागावर, नखाएवढी एक जाळी बसवायची. माणसाने मनात शब्द उच्चारायचा प्रयत्न केला, की तिथल्या पेशी झणकतात. ते झणकणं डोक्यावरची टोपी टिपते आणि उशाशी ठेवलेल्या डब्याकडे पाठवते. डबा त्यावरून शब्द ओळखतो आणि माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवतो. जुना आवाज रेकॉर्डिंगमधून घ्यायचा. भरतेशांची रेकॉर्डिंग फार नव्हती, म्हणून कंपनीने घरातलं होतं नव्हतं ते सगळं मागून नेलं : लग्नसमारंभांचे व्हिडिओ, फोनवरचे निरोप, मुलीशी झालेली बोलणी.

डबा पहिल्यांदा चालू केला त्या सकाळी भरतेशांचा आवाज म्हणाला, “पद्मा, किती दमलीस गं तू.”

त्यांनी तिला उभ्या आयुष्यात पद्मा म्हटलं नव्हतं. ‘अगं’ म्हणायचे. पद्मजा पलंगाच्या कडेला डोकं टेकून हमसाहमशी रडली.

त्यानंतरचे चौदा महिने तिच्या संसारातले सगळ्यात भरलेले महिने होते. हे म्हणायला तिची तिलाच लाज वाटायची. सकाळी चहा घेऊन ती खोलीत गेली की आवाज तिला विचारायचा, झोप लागली का, गुडघा कसा आहे. ती भाजी निवडत बसायची आणि दोघं गप्पा मारायची. किती म्हणून गप्पा! सांगलीचं तिचं माहेर, तिच्या वडिलांचं रागावणं, गणपतीच्या देवळामागचं दुकान. बोलता बोलता भरतेशांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. ती पदराने पुसायची आणि म्हणायची, “पुरे, आता मलाही रडवाल.”

आणि स्वरूपा. त्यांची एकुलती एक मुलगी ऑकलंडला असते, तिथे तिची छोटी बेकरी आहे. सहा वर्षांपूर्वी तिने तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं, तेव्हा भरतेश गेले नाहीत. व्हिडिओवरही आले नाहीत. बाप-लेकीचं बोलणं तेव्हापासून ‘बरी आहेस का’, ‘बरी आहे’ एवढ्यावर आलं होतं. वाग्सेतू बसवल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी आवाज तिला म्हणाला, “माझं चुकलं, बाळा. मी यायला पाहिजे होतं.” स्वरूपा पडद्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून कितीतरी वेळ बसून राहिली. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही.

शंका आली ती एका क्षुल्लक गोष्टीवरून. ऑगस्टमधली गोष्ट. बाहेर पाऊस होता, नदीच्या पाण्याच्या बातम्या चालू होत्या, आणि आवाज म्हणाला, “त्या पुरात एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत पाणी शिरलं होतं, आठवतं? आपण गुडघाभर पाण्यात उभं राहून जोडण्या सोडवल्या. ॲसिडचा वास नाकातून आठ दिवस जात नव्हता.”

“हो ना,” पद्मजा म्हणाली. आणि हातातली गवार तशीच राहिली.

त्या पुरात भरतेश कराडला होते. बॅटरीच्या खोलीत ती होती, तिचे दोन लाइनमन होते. भरतेशांना तो वास ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिने सांगितलं होतं, बरेचदा सांगितलं होतं. पण ‘आपण’?

तिने ते मनावर घेतलं नाही. आजारी माणूस, सरमिसळ होते. पण पुढच्याच आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर तिमाही तपासणीला आला. तन्वीर मुजावर, पस्तिशीचा, सौम्य बोलणारा, मिरजेतलाच माणूस. त्याने टोपी तपासली, डबा तपासला आणि अहवालाचा कागद तिच्या हाती दिला.

“सगळं छान आहे, काकू. हे बघा, बोलण्याचा वेग चाळीस. आणि काकांकडून येणारा संकेत एकशे ऐंशी. लागतो त्याच्या चौपटीहून जास्त येतोय.”

पद्मजाने चष्मा चढवला. तिची नजर सवयीने आकड्यावरून सरकून त्याच्या शेपटीवर गेली. चाळीसच्या पुढे लहान बी होता आणि ‘दर सेकंदाला’. एकशे ऐंशीच्या पुढे मोठा बी होता आणि ‘ताशी’.

“तन्वीर, ही दोन एककं वेगळी आहेत.”

“असतील, काकू. फॉर्म वरूनच तसा येतो.”

तिने पेन घेतलं. एकशे ऐंशी बाइट. आठने गुणा, एक हजार चारशे चाळीस बिट. हे तासाला. तासाचे सेकंद तीन हजार सहाशे, त्यांनी भागा. तिने भागलं, पुन्हा भागून पाहिलं. शून्य पूर्णांक चार.

तिने त्या आकड्याखाली रेघ मारली.

बिट म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. एका होय-नाही प्रश्नाचं उत्तर, म्हणजे एक बिट. माणूस साधं बोलतो, तेव्हा सेकंदाला साधारण चाळीस बिट बाहेर टाकतो. भाषा कुठलीही असो, भरभर बोलणारी की सावकाश, मोजायला गेलं तर आकडा त्याच्याच आसपास येतो. डबा चाळीसने बोलत होता. भरतेशांकडून डब्याकडे येत होते शून्य पूर्णांक चार. शंभरातला एक भाग.

“तन्वीर, मग उरलेले नव्व्याण्णव कुणाचे?”

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. मग खुर्चीत नीट बसला. “काकू, मेंदूतून येतं ते फार अस्पष्ट असतं. गोंगाटच जास्त. म्हणून डबा अंदाज बांधतो. या वेळी, या माणसाला, या बायकोशी काय बोलावंसं वाटेल? वाक्य तो आधी जुळवतो. मग काकांचा नकार येतो का, ते बघतो. अर्धा सेकंद थांबतो. नकार आला नाही, तर होकार धरून बोलून टाकतो.”

“अर्धा सेकंद.”

“हो. त्याहून जास्त थांबलं तर बोलणं तुटक वाटतं.”

“आणि नकार म्हणजे एक बिट. सेकंदाला शून्य पूर्णांक चार बिट येत असतील, तर एक बिट यायला अडीच सेकंद लागतात.” ती एखाद्या शिकाऊ मुलीला समजावतात तशी सावकाश बोलत होती. “तुम्ही थांबता अर्धा. त्यांचा नकार कधीच वेळेवर पोचणार नाही, तन्वीर. एकदाही नाही.”

मुजावरने मान खाली घातली. “मी फक्त देखभाल बघतो, काकू.”

“बोलण्याची ढब तरी त्यांची आहे का?”

“आवाज त्यांचा आहे. ढब शिकायला निदान दोनशे तासांचं बोलणं लागतं. काकांचं सगळं मिळून अकरा तास भरलं. बाकीचं घरातल्या रेकॉर्डिंगमधून घेतलंय.”

“घरात बोलत कोण होतं?”

“तुम्ही,” तो म्हणाला.

म्हणजे चौदा महिने ती स्वतःशीच बोलत होती. पद्मजाला आतल्या खोलीकडे बघवेना.

“उशिरा आलेल्या नकारांचं काय करता?” तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. टेलिफोनवरच्या बोलण्यातही हेच करतात. आवाजाचा तुकडा उशिरा पोचला तर तो टाकून देतात, कारण तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. नव्या पोरांना हे तिनेच शिकवलं होतं.

मुजावरने डब्याला आपला पडदा जोडला आणि तिच्यापुढे धरला. ‘उशिरा आलेले संकेत, वगळले.’ महिन्यावार आकडे होते. पहिल्या महिन्यात दोन हजार एकशे चाळीस. दुसऱ्यात एक हजार नऊशे. मग नऊशे, साडेचारशे, दोनशे. गेल्या महिन्यात सहा.

“हे कमी होत गेले, ते चांगलं लक्षण मानतात,” मुजावर हळूच म्हणाला. “डब्याचा अंदाज सुधारला असं धरतात.”

पद्मजाने त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडे बघत होता, आणि दोघांनाही त्या सहाचा अर्थ कळला होता : आतल्या माणसाने नाही म्हणणंच सोडलं होतं.

“अंदाज बंद करता येतो?”

“येतो. अक्षरमार्ग म्हणून सोय आहे. काकांनी एकेक अक्षर निवडायचं, ते पडद्यावर उमटतं. पण काकू, लोक दोन दिवसांत परत पहिलं चालू करतात. घरात फार शांत होतं.”

“करून द्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती पलंगापाशी खुर्ची ओढून बसली. भरतेशांच्या डोळ्यांपुढे पडदा होता, त्यावर स्वर, व्यंजनं, काने-मात्रा, मोकळी जागा अशी चौसष्ट घरं. निम्मी घरं उजळायची, निम्मी काळी राहायची. हवं ते अक्षर उजळलेल्यांत असेल तर होय, नसेल तर नाही. मग उरलेल्यांतली निम्मी. सहा प्रश्नांत चौसष्टांचं एक होतं. एकेका प्रश्नाला अडीच सेकंद, म्हणजे एका खुणेला पंधरा. तेही माणूस थकला नाही आणि चुकला नाही तर.

“अहो, तो डब्यातला बंद केलाय,” ती म्हणाली. “आता कुणी मध्ये बोलणार नाही. तुम्हीच बोला. मी बसलेय.”

घरं उजळत राहिली, विझत राहिली. अकरा वाजले. काहीच उमटलं नाही. डबा चालू असतानाच्या शांततेत आणि या शांततेत किती फरक होता! खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, ते तिला कितीतरी दिवसांनी ऐकू आलं. तिला वाटलं, आत कुणी उरलंच नसेल. सहा नकारांवर आलेला माणूस शून्यावर जायला कितीसा वेळ?

साडेअकराला पडद्यावर ‘प’ उमटला.

ती पुढे सरकली. ‘प’वर अनुस्वार आला. मग चुकून ‘ग’, तो खोडला गेला, ‘ख’ आला. काना. मोकळी जागा.  दहा-बारा मिनिटांनी पडद्यावर दोन शब्द होते.

पंखा बंद

पद्मजाने वर पाहिलं. पलंगावरचा पंखा थेट त्यांच्या चेहऱ्यावर वारा टाकत होता. त्यांना पापण्या धड मिटता येत नाहीत. वाऱ्याने डोळे कोरडे पडत, चुरचुरत, आणि मग पाणी वाहत राही. चौदा महिने. ती ते पदराने पुसत होती आणि प्रेमाचं म्हणत होती.

तिने उठून बटण बंद केलं. पातं थांबेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिल्या दोन दिवसांत जे जे आलं ते सगळं असंच होतं. ‘उशी उंच.’ ‘डावा खांदा.’ ‘बातम्या नको.’ गोड बोलण्याच्या खाली दबून राहिलेल्या या तक्रारी होत्या. ती एकेक निवारत गेली. तिसऱ्या दिवशी तिने धीर करून विचारलं.

“स्वरूपाची माफी मागितली ती तुम्ही?”

पडद्यावर उत्तर यायला वेळ लागला नाही. एकाच शब्दाचं होतं. ‘नाही.’

“पण मनात होती का?”

या वेळी घरं बराच वेळ नुसतीच उजळत-विझत राहिली. मग तोच शब्द पुन्हा आला. ‘नाही.’

तिला राग आला. इतका, की ती खोलीतून बाहेर निघून गेली आणि ओट्याशी उभी राहून भांडी आपटली. हाच तो माणूस होता. अंथरुणाला खिळला, बोलती बंद झाली, तरी मुलीपुढे एक इंच वाकायचं नाही. तिला वाटलं, डब्यातला बरा होता. खरंच बरा होता. आपलीच भाषा असेना का, माणसाला निदान उत्तर तरी मिळत होतं.

ती परत आली तेव्हा दुपार कलली होती. पडद्यावर एक ओळ होती. तिच्या पाठीमागे त्यांनी ती एकट्याने जुळवली होती, किती वेळ लागला कोण जाणे.

पोरीला ते राहू दे

ती वाचत उभी राहिली. तेवढ्यात खाली दुसरी ओळ सुरू झाली. ती खुर्चीवर टेकली आणि अक्षरामागून अक्षर बघत राहिली.

तुलाही ठेव. बोलायला कोण आहे

शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. त्यासाठी आणखी पंधरा सेकंद लागले असते.

पद्मजाने त्यांचा निर्जीव हात हातात घेतला. त्याला काही कळत नव्हतं हे तिला माहीत होतं, तरी घेतला. “मला नको,” ती म्हणाली. “स्वरूपाचं बघू. मला नको.”

म्हणायला म्हटलं. पण पुढचे दिवस जाता जाईनात. दिवसभरात त्यांच्याकडून चार-पाच वाक्यं येत. दुपारनंतर डोळे थकत आणि पडदा बंद करावा लागे. ती पूर्वीसारखी एकटीच बोलून बघे, पण आता स्वतःचाच आवाज ऐकून मध्येच थांबे. हेच शब्द, हीच लकब ती चौदा महिने त्यांच्या तोंडून ऐकत आली होती. आपलं बोलणंही आपलं वाटेना, अशी तिची गत झाली.

गुरुवारी सकाळी अंघोळ घालायला मावशी आल्या. त्यांनी भरतेशांच्या डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ओला टॉवेल पिळायला घेतला. पद्मजा डबा उचलून स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं आणि अंदाज चालू केला.

“पद्मा, आज गप्प का?” भरतेशांचा आवाज म्हणाला.

टोपी टेबलावर होती. आतून एकही बिट येत नव्हता. मुजावरने सांगितलं होतं, संपर्क तुटला तरी दहा मिनिटं डबा आपणहून बोलत राहतो, घरच्यांना खंड जाणवू नये म्हणून.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “जरा कंटाळा आलाय.”

“चहा टाक. आलं घाल जास्त. मग सांग काय झालं ते.”

तिने खरंच चहा टाकला. आलं किसलं. भांड्यावर वाफ धरेपर्यंत आवाज तिच्याशी बोलत राहिला, तिच्या धाकट्या बहिणीची चौकशी केली, एकदा हसलासुद्धा. तीही हसली. मग वाक्याच्या मध्येच तो थांबला आणि डब्यावर लाल दिवा लागला : संपर्क नाही.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पुन्हा पुन्हा पिळलं. खोलीतून मावशी विचारत होत्या, “वहिनी, टोपी घालू का सायबास्नी?” तिने डबा उचलला, अंदाज बंद केला आणि तो होता तिथे नेऊन ठेवला. त्यानंतर तिने तो स्वतःसाठी पुन्हा कधी चालू केला नाही.

रविवारी साडेअकराला स्वरूपाचा फोन यायचा. ऑकलंडला तेव्हा संध्याकाळ असते, बेकरी बंद करून ती घरी आलेली असते. पद्मजाने शुक्रवारीच मुजावरला विचारून दोन्ही मार्ग एकदम खुले राहतील अशी व्यवस्था केली होती. आवाज मुलीशी बोलणार, आणि भरतेशांना काही म्हणायचं झालंच तर अक्षरं बाजूच्या वेगळ्या, लहान पडद्यावर उमटणार. तो पडदा फक्त तिला आणि भरतेशांना दिसेल असा होता.

“पोरीला ते राहू दे, म्हणालात ना?” तिने फोन लागण्याआधी विचारलं. “बघा, अजून वेळ आहे.”

तेवढ्यात फोन वाजला.

स्वरूपा आली. केस वर बांधलेले, गालाला कुठेतरी पीठ लागलेलं. “बाबा! कसे आहात?”

“तुला बघितलं की बरा असतो, बाळा,” आवाज म्हणाला. “आज दमलेली दिसतेस.”

“दमणार नाही तर काय? दोनशे पावांची ऑर्डर होती.”

“माझी वाघीण आहेस तू.”

स्वरूपा खळखळून हसली. पद्मजा कडेला बसून तेच हसू चेहऱ्यावर धरून ठेवायचा प्रयत्न करत होती. ‘वाघीण’ हा तिचा शब्द होता. तिच्या आईने तिला म्हटलेला, तिने स्वरूपाला म्हटलेला. समोर बाप-लेक बोलत होती, आणि प्रत्यक्षात तीच आपल्या मुलीशी नवऱ्याच्या आवाजात बोलत होती. हे त्या घरात तिच्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो शेजारी निश्चल पडला होता.

स्वरूपाने कपाळावरची बट मागे सारायला हात वर केला, आणि पुन्हा खाली घेतला. ती नव्या भट्टीबद्दल सांगू लागली. आवाज मध्ये मध्ये शाबासकी देत होता.

बाजूच्या पडद्यावर ‘म’ उमटला.

पद्मजाची नजर तिकडे गेली. ‘न.’ मग ‘ग’. आवाज म्हणत होता, “तू लहानपणी चुलीपुढून हलायची नाहीस.” अक्षरं त्यांच्या त्यांच्या चालीने येत होती. स्वरूपा भट्टीवरून भाड्यावर, भाड्यावरून शेजारणीवर आली. एका बाजूला बोलणं दुथडी वाहत होतं आणि दुसऱ्या बाजूला पंधरा-पंधरा सेकंदांनी एकेक थेंब पडत होता. चार मिनिटांनी ओळ पुरी झाली.

मनगटाला काय झालं

पद्मजाने मुलीकडे पाहिलं. स्वरूपाचे हात आता मांडीवर होते, दिसत नव्हते. पण मघाशी तिने बट सारली तेव्हा, त्या दोन सेकंदांत, त्यांनी पाहिलं होतं. पद्मजाने पाहिलं नव्हतं. डब्याला तर डोळेच नव्हते.

“आणि बाळा, तुझ्या हातचा तो केक...” आवाज म्हणत होता. पद्मजाने हात लांब करून अंदाज बंद केला.

एकदम शांत झालं.

“बाबा? आई, आवाज गेला का?”

“नाही. बाबा विचारतायत, तुझ्या मनगटाला काय झालं.”

“मनगटाला?” स्वरूपाने हात वर आणून पाहिला. आतल्या बाजूला दोन बोटं लांबीचा लालबुंद चट्टा होता. “काही नाही हो. ट्रे काढताना भट्टीचं दार लागलं. पण बाबा बोलले कुठे? मी काहीच ऐकलं नाही.”

“हात कॅमेऱ्यापुढे धर. जवळ. हां, तसाच धर.”

“किती वेळ?”

“थोडा वेळ. हलवू नकोस.”

स्वरूपा काही विचारणार होती, पण आईच्या आवाजातलं काहीतरी ऐकून तिने हात तसाच धरून ठेवला. पडद्यावर तिचं मनगट होतं आणि त्यामागे अर्धवट दिसणारा, गोंधळलेला चेहरा. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. माणसं एरवी फोनवर इतका वेळ गप्प बसत नाहीत. पद्मजा बाजूच्या पडद्याकडे बघत होती. मग तिने तो पडदा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला, शेवटची दोन अक्षरं मुलीला उमटताना दिसावीत म्हणून.

तूप लाव

स्वरूपा वाचत राहिली. तिने हात खाली घेतला नाही. “हे बाबांनी लिहिलं? आत्ता?”

“आत्ता. पावणेदोन मिनिटं लागली.”

“तूप,” ती म्हणाली, आणि हसल्यासारखं तोंड करून थांबली. तिचं लक्ष बापाच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं, पण डोळे कोरडे होते आणि थेट तिच्याकडे लागलेले होते. स्वरूपाच्या कपाळावर हळूहळू आठी उमटत गेली. ती हुशार मुलगी होती.

“आई, मग इतके दिवस माझ्याशी कोण बोलत होतं?”

 भरतेशांपुढची घरं पुन्हा उजळत-विझत होती, पण अजून एकही अक्षर आलेलं नव्हतं. आता हे तिलाच सांगायचं होतं.

“सांगते,” ती म्हणाली. “सगळं सांगते. आधी तूप लावून ये.”

स्वरूपा क्षणभर तशीच बसली. मग उठली. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला, एक कपाट उघडलं, बंद झालं, दुसरं उघडलं. समोर फोनमध्ये रिकामी खुर्ची राहिली, आणि तिच्यामागे ऑकलंडची मावळत आलेली खिडकी. भरतेश त्या खुर्चीकडे बघत होते. पद्मजाही बघत बसली.